मंदी उठली, माणसे परत गेली नाहीत

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे एक ठराव आला आहे. तो आपल्याच कार्यकर्त्यांनी मांडला आहे. ठराव असा की, पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत रोजगार हमीची कामे सरकारने बंद ठेवावीत. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जो नवा ग्रामीण रोजगार कायदा मंजूर केला, त्यातल्या हंगामात साठ दिवस काम बंद ठेवण्याच्या तरतुदीचे या जिल्ह्याने स्वागत करावे.

ठराव मांडणाऱ्यांचा राग आम्हाला ठाऊक आहे. पऱ्हाटी फुटून रान पांढरे झाले आहे, आभाळ भरून आले आहे आणि गावभर फिरून वेचणीला चार बाया मिळत नाहीत, हे दुखणे ज्याने सोसले त्यालाच कळते. आम्हीही ते सोसले आहे. तरीसुद्धा आम्ही या ठरावाच्या विरोधात बोलायला उभे राहिलो आहोत. ठराव चुकीच्या माणसाच्या अंगावर जाणारा आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे. का, ते सांगण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

घरी आलेला पोरगा

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. त्या दिवशी आपल्या घरात काय होते? कापूस होता. सीसीआयची आणि पणन महासंघाची खरेदी थांबली होती, जिनिंगला कुलूप होते, व्यापारी फिरकत नव्हता. एका खोलीत कापूस, दुसऱ्या खोलीत माणसे, आणि अंगाला खाज सुटलेली. एप्रिलअखेर खरेदी सुरू झाली ती नोंदणी, टोकन, दिवसाला ठरावीक गाड्या अशा चालीने. ग्रेडरच्या मनास आला तर माप, नाही तर गाडी परत. मृगाचा पाऊस पडला, नवी सरकी रानात गेली, तरी कित्येकांचा जुना कापूस घरातच होता.

अशा घरात पोरे परत आली. पुण्याहून, मुंबईहून, सुरतहून. कोणी ट्रकमधून, कोणी पायी. चौदा दिवस शाळेच्या खोलीत झोपली आणि मग उंबरा ओलांडून आत आली. त्यांना कोणी विचारले नाही की बाबा, तुझा रोजगार गेला तर भत्ता किती मिळाला? आईने पिठात हात घातला आणि दोन भाकरी जास्त थापल्या. त्या वर्षी या देशात बेकारीचा सगळ्यात मोठा भत्ता या चुलीने दिला. त्याची नोंद कुठल्याही अंदाजपत्रकात नाही.

सरकारने काहीच दिले नाही असे आम्ही म्हणणार नाही. खोटे बोलून चळवळ चालत नाही. एप्रिल २०२० पासून माणशी महिन्याला पाच किलो धान्य फुकट दिले. रोजगार हमीसाठी ६१,५०० कोटी रुपयांची तरतूद होती, तीत आणखी ४०,००० कोटी घातले. त्या वर्षी देशात ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. तोवरच्या कुठल्याही वर्षात एवढे झाले नव्हते. साडेसात कोटी कुटुंबांनी ते केले. भागाकार केला तर कुटुंबामागे ५२ दिवस पडतात. वर्षाचे दिवस ३६५. उरलेले ३१३ दिवस त्या कुटुंबाला कोणी पोसले? त्याचे उत्तर सातबाऱ्यावर आहे.

बेकारी कमी कशी झाली?

आता एक चमत्कार ऐका. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी खाली आले. कारखाने बंद, बांधकामे बंद, गाड्या बंद. त्या तिमाहीत शहरांतली बेकारी सरकारच्याच पाहणीप्रमाणे २० टक्क्यांच्या वर गेली. वाढली ती एकटी शेती. पण देशाचा वर्षभराचा बेकारीचा आकडा काय सांगतो? २०१८-१९ ला ५.८ टक्के, २०१९-२० ला ४.८ टक्के, २०२०-२१ ला ४.२ टक्के. म्हणजे देश बसला आणि बेकारी उतरली!

ही जादू कशी झाली ते समजून घ्या, कारण ती आपल्याच घरात झाली आहे. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा डिप्लोमा करून कारखान्यात लागला होता. महिना सतरा हजार. टाळेबंदीत काम सुटले, घरी आला. पुढे पाहणीवाला घरी आला. मुलाला विचारले, काय करता? मुलगा म्हणाला, काही नाही, घरीच आहे. पाहणीवाल्याने पुन्हा विचारले, शेतात जाता की नाही? मुलगा म्हणाला, जातो ना, फवारणीला जातो, डवरणीला जातो. झाले! नोंद झाली: घरच्या उद्योगात बिनपगारी मदतनीस. बिनपगारी मदतनीस हा सरकारच्या हिशेबात बेकार नसतो, तो रोजगारात असतो. वर्षभरात तीस दिवस शेतात राबला तरी वर्षाच्या हिशेबात त्याला काम आहे असे धरता येते. आठवड्याच्या हिशेबात तर आठवड्यातला एक तास पुरतो.

सतरा हजार गेले, हातात दमडी नाही, आणि मुलगा रोजगारात! असे लाखो मुलगे, लाखो सुना, लाखो मुली. शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता. वर्षानुवर्षे तो उतरत होता. २०२०-२१ मध्ये तो ४६.५ टक्क्यांवर गेला. शेती वाढली म्हणून नव्हे. एकराचे दोन एकर झाले नव्हते, कोरडवाहूचे बागायत झाले नव्हते. दुसरीकडची दारे बंद झाली म्हणून माणसे आली.

आले ते आले. पण मंदी उठल्यावर तरी परत गेले का? अर्थमंत्र्यांच्या भाषणांत अर्थव्यवस्था २०२२ पासून जोरात धावते आहे. २०२३-२४ च्या पाहणीत मात्र शेतीवरचा वाटा ४६.१ टक्केच होता. बिनपगारी मदतनिसांचा वाटा २०१७-१८ मध्ये कामकरी लोकांत १३.६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये १९.४ टक्के झाला. उत्पन्नाचा आकडा सावरला, शेअर बाजार सावरला. आपल्या ओसरीवर बसलेला पोरगा ओसरीवरच राहिला.

पाच एकरांचा हिशेब

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा अर्थशास्त्राच्या तासाला छुपी बेकारी म्हणून एक धडा होता. शेतावर माणसे जास्त असतात, त्यातली काही काढून घेतली तरी पीक कमी होत नाही, असे त्यात लिहिले होते. आम्ही ते पाठ केले, गुण मिळवले आणि विसरलो. गावोगाव फिरू लागलो तेव्हा त्या धड्यातली माणसे भेटली.

पाच एकर कोरडवाहूचा हिशेब मांडू. अडीच एकर कपाशी, अडीच एकर ज्वारी, तुरीची तासे मध्ये. कपाशीला एकरी पेरणी, खाडे भरणे, दोन निंदण्या, डवरणी, खत, फवारणी आणि वेचणी मिळून चाळीस माणसांचे काम धरा. ज्वारीला पेरणीपासून सोंगणी, खुडणी, मळणी, कडबा बांधणीपर्यंत एकरी बावीस धरा. सगळे मिळून १५५ दिवसांचे काम. नवरा-बायको दोघे असतील तर प्रत्येकी ७८ दिवस. आता शहरातून मुलगा आणि सून आले. हात चार झाले. काम तेच, १५५ दिवस. प्रत्येकी ३९. भाकरी तीच, तुकडे जास्त. चौघेही सरकारी हिशेबात रोजगारातले.

इथे कोणी हात वर करील आणि विचारील, मग वेचणीला माणूस का मिळत नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शेतीशास्त्राचे आहे. कोरडवाहू रानात जसा पाऊस येतो तसेच काम येते. एकदम येते आणि एकदम थांबते. बागायतदाराकडे पाणी आहे म्हणून त्याचे काम बारा महिने पसरते. आपले निंदण पंधरा दिवसांत उरकले पाहिजे, नाही तर तण पीक खाते. पहिली वेचणी वेळेवर झाली पाहिजे, नाही तर अवकाळी पावसात कापूस भिजतो आणि ग्रेडरला कारण मिळते. गावातल्या सगळ्यांची निंदणी एकदम, सगळ्यांची वेचणी एकदम. त्या दिवसांत घरातले चार हात पुरत नाहीत, बाहेरचे आणावे लागतात. उलंगवाडी झाली की पुढे चार-पाच महिने त्याच हातांना काम नाही. म्हणजे एकाच गावात, एकाच वर्षात मजुरांची टंचाईही खरी आणि बेकारीही खरी. वेचणीचे महिने तेवढे बघणाऱ्याला मजूर माजला असे वाटते. उन्हाळ्यात त्याच मजुराच्या घरी जाऊन बघा.

मदत कोणाला आणि किती दिवस

मंदी आली की सरकार मदत देते. सगळ्या जगात देते. अमेरिकेत २००८ च्या आसपास मोठी मंदी आली. तिथल्या हिशेबाप्रमाणे ती मंदी जून २००९ मध्ये संपली. पण बेकारीचा कळस गाठला गेला तो मंदी संपल्यावर चार महिन्यांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, १० टक्क्यांवर. आणि मंदीच्या आधी जेवढ्या नोकऱ्या होत्या तेवढ्या पुन्हा व्हायला २०१४ उजाडले. म्हणून तिथे बेकारीचा भत्ता, जो एरवी बहुतेक राज्यांत २६ आठवडे मिळतो, तो काही राज्यांत ९९ आठवड्यांपर्यंत वाढवला होता. यातून धडा एवढाच घ्यायचा की मंदीतून आधी बाजार सावरतो, मग कारखाना सावरतो, आणि कामकरी माणूस सगळ्यात शेवटी. मदत त्याच्यापर्यंत पोहोचेस्तोवर चालू ठेवावी लागते.

आपल्याकडे काय झाले? नोकरी गेलेल्यांपैकी ज्यांचे नाव कामगार विमा योजनेत होते त्यांना २०२० मध्ये अर्धा पगार मिळू शकत होता, तोही ९० दिवस. सुरतेच्या मागावर, पुण्याच्या बांधकामावर गेलेल्या आपल्या पोरांतल्या किती जणांची नावे त्या योजनेत होती? तुम्ही सांगा. लहान उद्योगांना तीन लाख कोटींच्या कर्जाची हमी सरकारने घेतली. कारखानदाराने नवा माणूस ठेवला तर त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता सरकारने भरला. ऑगस्ट २०२५ पासून तर नव्या नोकरीमागे मालकाला महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत द्यायची योजना सुरू झाली, जवळपास एक लाख कोटी रुपयांची.

कारखान्यात पोरांना काम मिळत असेल तर आमचा त्याला विरोध नाही. ती पोरे आपलीच आहेत. पण तुलना करा. कारखानदार एक माणूस ठेवतो तर त्याला महिन्याला ३,००० पर्यंत. शेतकऱ्याने मंदीत दोन माणसे सांभाळली आणि मंदी उठल्यावरही सांभाळतो आहे. त्याला केंद्राचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याचे ६,०००. महिन्याला हजार रुपये, सगळ्या कुटुंबाला मिळून. तेही उपकार म्हणून, भर सभेत मोजून दाखवत.

आणि रोजगार हमीचे काय झाले? २०२०-२१ मध्ये तिच्यावर एक लाख अकरा हजार कोटींच्या आसपास खर्च झाला. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ७३,००० कोटी धरले. २०२३-२४ ला तर ६०,००० कोटी. माणसे परत गेली होती का? नव्हती. उत्पन्नाचा आकडा वर गेला म्हणून मदतीचा हात मागे घेतला. त्या वर्षीही कामाची मागणी थांबली नाही आणि सरकारला नंतर पैसे वाढवावेच लागले. पण तोवर कामावर गेलेल्यांची मजुरी थकली ती थकलीच.

तेजीचे दार

मंदीत आम्ही सोसायचे हे एक वेळ मान्य करू. पण सोसणाऱ्याला पुढे तेजीत तरी चार पैसे मिळावेत की नाही? तिथे काय होते ते बघा.

२००८ च्या मंदीत कापसाचे जगातले भाव पडले. २०१० मध्ये ते चढू लागले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने कापसाच्या निर्यातीची नोंदणी थांबवली आणि पुढच्या हंगामाला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा निर्यातबंदी. २०२० च्या मंदीनंतर २०२१-२२ च्या हंगामात कापसाने दहा हजार ओलांडले. किती वर्षांनी घरात पैसा दिसला! १४ एप्रिल २०२२ पासून सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते ऑक्टोबरअखेरपर्यंत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या कापडावर ५० टक्के कर लावला. मार बसला तो कापड गिरण्यांना. लगेच १९ ऑगस्टपासून कापसाचे आयात शुल्क पुन्हा शून्य, ते ३१ डिसेंबरपर्यंत. पोळ्याच्या दिवसांपासून थेट वेचणीच्या ऐन भरापर्यंत. गिरणीचे दुखणे हलके करायला औषध कोणाच्या अंगातून काढले? कापूस पिकवणाऱ्याच्या.

ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१८ साली हिशेब मांडला. २००० ते २०१६ या काळात सरकारच्या धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नातून दरवर्षी सरासरी १४ टक्के काढून घेतले गेले, अनुदाने वगैरे जमेला धरूनसुद्धा. शरद जोशींनी उणे सबसिडी म्हणून जे सांगितले तेच या आकड्यात आहे.

ज्वारीवाल्यांनी असे समजू नये की हे कापसाचेच आहे. १९७० च्या दशकात ज्वारीची लेव्ही कोणी भरली, ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि रेशनवर वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळच येत राहिला. गरिबाच्या ताटात धान्य पडते याचे दुःख कोणाला नाही. पण त्या ताटातून भाकरी गेली आणि ज्वारीचा पेरा गेला, याची भरपाई कोणी केली?

आता ठरावाकडे

२०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाला हमीभाव ७,७१० रुपये. कृषिमूल्य आयोगाने खर्च धरला ५,१४० आणि त्यावर निम्मे चढवले. हा देशाचा सरासरी खर्च. आपल्या कोरडवाहूत एकरी कापूस कमी येतो म्हणून क्विंटलचा खर्च जास्त पडतो. आमच्या भागात वेचणीला किलोमागे दहा ते बारा रुपये जातात. म्हणजे क्विंटलला हजार ते बाराशे, हमीभावाचा साधारण सातवा हिस्सा. भार मोठा आहे, नाही कोण म्हणतो? पण रोजगार हमीला कुलूप घातले तर हा दर किती उतरेल? किलोला रुपया? दोन रुपये? क्विंटलला शंभर-दोनशे. तेही मिळतील की नाही याची खात्री नाही, कारण रोजगार हमीच्या कामांना खरी गर्दी उन्हाळ्यात असते, वेचणीत नसते. उलट ११ टक्के आयात शुल्क उठल्याचा निम्मा परिणाम जरी भावावर झाला असे धरले, तरी क्विंटलला चारशेच्या वर जातात. वेचणाऱ्या बाईच्या पदरातून शंभर रुपये काढायला आपण ठराव करायचा, आणि चारशे नेणाऱ्याला नमस्कार?

आणि ती बाई कोण? २०२५-२६ ला रोजगार हमीची मजुरी या राज्यात दिवसाला ३१२ रुपये ठरली. वेचणीत पंचवीस-तीस किलो वेचणारी बाई तेवढेच कमावते. ती आपली दोन एकरवाली शेजारीण आहे. कित्येक घरांत ती आपलीच बायको, आपलीच सून आहे. वेचणीत ती मालकीण आणि उन्हाळ्यात मातीकामावर मजूर. तिचा रोजगार बंद करा असा ठराव करताना तिला विचारले का?

ही योजना कुठून आली तेही विसरू नका. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव भागात तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामावर होती. त्यात भूमिहीन होते तसे सातबारावालेही होते. आज या सभेत बसलेल्यांपैकी कित्येकांच्या आजीने खडी फोडली आहे. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. खर्चासाठी १९७५ पासून नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. शहराने गावातल्या रिकाम्या हातांचा खर्च उचलायचा, हे या राज्याने कायद्याने मान्य केले. २००५ मध्ये तोच विचार देशाने घेतला.

नव्या कायद्यात खरा घाव साठ दिवसांत नाही. कामाचे दिवस शंभराचे सव्वाशे केले, ते ऐकायला बरे वाटते. पण २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा होता आणि मागणी वाढेल तसा पैसा वाढत होता. म्हणून तर २०२० मध्ये ६१,५०० कोटींचे एक लाख अकरा हजार कोटी झाले. नव्या कायद्याने खर्चात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० केला, आणि प्रत्येक राज्याला किती पैसा द्यायचा ते केंद्राने आधी ठरवायचे. वर खर्च झाला तर तो राज्याने सोसायचा. पुढची मंदी येईल तेव्हा पैसा आधीच मोजून ठेवलेला असेल. माणसे मात्र कोणी मोजून पाठवणार नाही. ती पुन्हा आपल्याच दारात येतील. मागेल त्याला काम जाऊन पैशात बसेल त्याला काम झाले. या घावावर आपल्या ठरावात एक शब्द नाही.

म्हणून आम्ही सुचवतो की हा ठराव मागे घ्यावा आणि त्याच्या जागी असा ठराव करावा.

एक, रोजगार हमीचा पैसा कामाच्या मागणीवर ठरावा, वरून घातलेल्या मर्यादेवर नव्हे. आणि शेतीवर आलेली माणसे परत जाईपर्यंत तो कमी करू नये.

दोन, हंगामात कामे थांबवायची असतील तर ते गावाच्या ग्रामसभेने, मजूर बायांना बसवून ठरवावे. ज्वारीच्या गावाचा आणि कपाशीच्या गावाचा हंगाम एक नाही, तेव्हा जिल्ह्याला एकच कुलूप चालणार नाही. आणि कामे अशी निवडावीत की ज्यांनी रान सुधारेल: विहीर, शेततळे, बांधबंदिस्ती, फळबाग. कोरडवाहूचे काम दोन महिन्यांत कोंबलेले आहे, ते पाण्यानेच बारा महिन्यांवर पसरेल. तोच मजूरटंचाईवर खरा उपाय.

तीन, पेरणीपासून कापूस विकून होईपर्यंत आयात शुल्क उठवणे आणि निर्यात अडवणे बंद. भीक नको, हवे घामाचे दाम, हे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. मंदीत देशाची बेकार माणसे पोसणाऱ्याला तेजीत भाव मिळू द्या, एवढेच.

शेवटी एक काम. पुढच्या बैठकीला येताना गावागावाने एक वही घेऊन यायची. २०२० नंतर कोणाच्या घरी कोण परत आले, आधी किती कमावत होते, आता घरच्या रानात वर्षाचे किती दिवस काम आहे, बाहेर किती दिवस मिळते, आणि उरलेले दिवस काय करतात. बायांची नावे वेगळी लिहायची. घरीच असते असे लिहून त्यांना खोडायचे नाही. लग्न ठरत नाही म्हणून खाली मान घालून बसलेल्या पोरांचीही नावे लिहायची. रोजगार हमीचे काम मागितले असेल तर लेखी मागितले का आणि तारखेची पोच घेतली का, तेही लिहायचे. पोच नसेल तर भत्त्याचा हक्क कागदावरच राहतो.

सरकारच्या पाहणीत ही माणसे रोजगारात आहेत. आपल्या वहीत ती काय आहेत ते आपण लिहू, आणि ती वही घेऊन कलेक्टर कचेरीवर जाऊ. त्या मोर्चात पुढे जमीनवाले आणि मागे मजूर असे चालायचे नाही. दोघांनी एका रांगेत चालायचे.